उजवा कौल आणि वाढलेलं पीएसए

डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद आमच्या बाजूला फिरवला आणि म्हणाले, "बायोप्सीत कॅन्सर निघालाय. प्रोस्टेटचा." बाबांनी मान हलवली. लिलावात सुरमईचा भाव ऐकल्यावर हलवतात तशी. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाय, तू जरा बाहेर बस."

मी उठले, दारापर्यंत गेले. डॉक्टरच म्हणाले, "बसू दे तिला. घरी जाऊन हे सगळं सांगणार कोण?" मी परत येऊन बसले, पण खुर्चीच्या कडेवर. पुढे वर्षभर दवाखान्यात मी अशीच बसत आले.

मी कॉलेजात शिकते. संख्याशास्त्र हा माझा विषय. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, म्हणून दवाखान्याची फाईल आपोआप माझ्या हातात आली. लिहायची सवय नाही. पण बाबांच्या आजारात मला जे शोधूनही कुठे साध्या भाषेत वाचायला मिळालं नाही, ते कुणाला तरी उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून लिहिते. काही चुकलं तर तुमच्या डॉक्टरांचं ऐका, माझं नको.

आमचं गाव पूर्णगडच्या बाजूला, खाडीकाठी आहे. बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दत्ताकाका मिळून होडी चालवतात. बाबा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. आजाराची पहिली खूण दत्ताकाकांनी पाहिली. होडीवर आडोसा नसतो. पुरुषमाणसं कडेला उभी राहतात आणि मोकळी होतात. काकांच्या लक्षात आलं की दादा उभा राहतो तो उभाच राहतो, आणि परत येऊन बसतो न बसतो तोच पुन्हा उठतो. ते काकांनी काकीला सांगितलं, काकीने आईला, आणि आईने भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून, मला सांगितलं. बाबा स्वतः कुणाशीच बोलले नव्हते. वय झालं की असं होतंच, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आधी रक्ताची पीएसए तपासणी करायला सांगितली. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी. तिच्यात एक प्रथिन तयार होतं, त्याला पीएसए म्हणतात. ते थोडं रक्तात उतरतं. ग्रंथीत काही बिघाड झाला की जास्त उतरतं. जास्त म्हणजे कॅन्सरच असं नाही, सूज असली तरी वाढतं. बाबांचं बरंच वाढलेलं होतं, म्हणून पुढे बायोप्सी झाली. बायोप्सी म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. तिथून आणखी एक शब्द आला, ग्लीसन स्कोअर. कॅन्सरच्या पेशी मूळ पेशींपासून किती बिघडल्यात, त्याला दिलेले हे गुण. इथे गुण जितके जास्त तितकं वाईट. बाबांचे सात होते. सात म्हणजे मधले. फार वाईट नाही, सोडून देण्यासारखेही नाहीत.

हा "मधला" शब्द तेव्हापासून आमच्या घरात राहायला आला.

स्कॅनमध्ये आजार ग्रंथीच्या बाहेर गेलेला दिसला नाही. बाबांना जुना दमा आणि बीपी, म्हणून ऑपरेशनऐवजी रेडिएशन द्यायचं ठरलं. सोबत काही महिने हार्मोनची इंजेक्शनं. पुरुषी हार्मोनवर हा कॅन्सर पोसतो, म्हणून ते हार्मोन दाबून ठेवायचं. या इंजेक्शनांनी बाबांच्या अंगातून मध्येच वाफा निघायच्या, घामाने बनियन भिजायचं, बायकांना पाळी जाताना होतं तसं. ओटीवर पुठ्ठ्याने वारा घेत ते एकदा आईला म्हणाले, "तुला असं व्हायचं तेव्हा मी हसायचो." आई म्हणाली, "हसायचात नाय, फॅन बंद करायचात." आजार कळल्यानंतर आम्ही तिघं एकत्र हसलो ते तेव्हा पहिल्यांदा.

रेडिएशनसाठी कोल्हापूरला राहावं लागलं. दवाखान्याजवळ एक खोली घेतली. पहिला आठवडा मी आणि बाबा, मग आई आणि बाबा. रेडिएशन दुखत नाही. टेबलावर झोपायचं, मशीन भोवती फिरतं, थोड्या वेळात उठायचं. अवघड होतं ते त्याच्या आधीचं. मूत्राशय भरलेलं लागतं. भरलं की ते वर सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. पाणी प्यायचं आणि दाबून धरायचं. ज्या माणसाला दाबून धरता येत नाही म्हणून तो दवाखान्यात आलाय, त्यालाच हे सांगायचं.

त्यात बाबांना पाणी पिण्याची सवयच नव्हती. समुद्रावर पिण्याचं पाणी मोजून नेतात. तहान मारायची सवय आयुष्यभराची. पहिल्या दोन्ही दिवशी टेक्निशियनने त्यांना परत बाहेर पाठवलं, की मामा, भरलंच नाही, अजून प्या. बाबा बाहेर येऊन बाटली तोंडाला लावायचे आणि औषध प्यावं तसं तोंड करायचे.

त्या वेटिंगमध्ये सगळे पुरुषच. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, पाय जुळवलेले, डोळे दरवाजावर. मिरजेकडचे एक आजोबा गमती सांगायचे, तर बाकीचे त्यांच्यावर चिडायचे. "ओ पाटील, आमचा नंबर होऊ द्या, मग हसवा," असं कुणीतरी कळवळून म्हणालं, आणि त्या वाक्यालाच इतकं हसू आलं की दोघांना उठून जावं लागलं. पुन्हा पाणी, पुन्हा वाट बघणं. मी तिथे एकटीच मुलगी. पहिले दोन दिवस मान खाली घालून बसले. तिसऱ्या दिवशी पाटील आजोबांनी मला विचारलं, "तुझ्या बाबांचं भरलं का गं?" आणि मी सरळ उत्तर दिलं. तिथे लाज टिकत नाही. तिला बसायला जागाच नसते.

उपचार संपले तेव्हा मला वाटलं, संपलं. तुमच्या घरी कुणाचं रेडिएशन होणार असेल तर हे आधीच सांगून ठेवते, की उपचार संपल्यावर दुसरं काहीतरी सुरू होतं. ऑपरेशनमध्ये ग्रंथी काढून टाकतात, तेव्हा पीएसए जवळजवळ शून्य होतं. रेडिएशनमध्ये ग्रंथी आतच राहते. कॅन्सर मेला की नाही हे उघडून बघता येत नाही. फक्त काही महिन्यांनी रक्त द्यायचं आणि पीएसए कुठे चाललंय ते बघायचं. ते हळूहळू खाली येतं. सगळ्यात खाली जिथे पोचतं त्याला नादिर म्हणतात. बाबांचं नादिर शून्य पॉइंट दोन. त्या दिवशी आईने शिरा केला. दत्ताकाकांनी होडीवरच्या सगळ्यांना पेढे वाटले.

त्यानंतरचा रिपोर्ट आला शून्य पॉइंट पाच. इंजेक्शनांचा असर ओसरला की थोडं वाढतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आम्ही मानलं. त्यापुढचा रिपोर्ट मी कॉलेजात, जिन्यात उभी राहून मोबाईलवर उघडला. एक पॉइंट एक. मागच्या मुली म्हणत होत्या, सरक की गं. मला सरकता येत नव्हतं.

कोल्हापूरच्या रेडिएशनच्या डॉक्टर मॅडम आहेत. त्यांनी शांतपणे समजावलं. रेडिएशननंतर काही जणांचं पीएसए मध्येच वर जातं आणि काहीही न करता परत खाली येतं. त्याला बाउन्स म्हणतात. आणि काही जणांचं वर जातं ते जातच राहतं, म्हणजे आजार परत आला. नादिरच्या वर दोनने वाढलं तर आजार परतला असं धरतात. बाबांच्या बाबतीत ती रेघ दोन पॉइंट दोनवर. आपण रेघेच्या खाली आहोत, पण निघालोय तिच्याच दिशेने. "आज मला दोन्हीपैकी काय ते सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तीन महिन्यांनी परत रक्त द्या. घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका."

हे ऐकायला सोपं आहे. जगायला नाही. घाबरायचंही नाही आणि सोडायचंही नाही, तर माणसाने करायचं काय? मी सकाळच्या एसटीत बसायचे ती खिडकीला डोकं लावून, आणि डोक्यात एकच. बाबा जेवताना कमी जेवले की मी बघायचे. पाठ दुखते म्हणाले की मी फाईल काढून बसायचे. आजार हाडात गेला असेल का? मग ते सांगायचे की काल जाळं ओढलं. मग बरं वाटायचं, संध्याकाळपर्यंत.

त्याच काळात मला इंटरनेटवर एक हिशेब सापडला. पीएसए, ग्लीसन, आजाराची पायरी, वय असं भरायचं, आणि पाच वर्षांत आजार परत न येण्याची शक्यता टक्क्यांत येते. मी संख्याशास्त्र शिकते, त्यामुळे मला वाटलं, हे तरी मला कळेल. मी भरलं. जो आकडा आला तो इथे लिहीत नाही. तुम्ही तुमच्या माणसाला त्यात बसवून बघाल, आणि ते बरोबर नाही. पण मी रोज भरायला लागले. आकडा रोज तोच यायचा. मग मी वय एकाने कमी करून बघायचे, ग्लीसन बदलून बघायचे. तासाला सर फळ्यावर सूत्र लिहायचे आणि मी बाकाखाली बाबांचं वय खोटं भरायचे.

घरात बाकीचे काय करत होते ते मला नंतर कळलं.

दत्ताकाका ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन कौल लावून आले होते. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवाला विचारतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, आपलं म्हणणं देवापुढे मांडतो, आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. काकांनी विचारलं, दादाचा आजार गेला काय? कळी उजवी पडली.

काका नारळ घेऊन धावत घरी आले. आईच्या डोळ्यांत पाणी. बाबा तर ओटीवरून उठून उभे राहिले. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं. माझ्या टक्क्यांपेक्षा ती कळी जास्त स्पष्ट बोलली होती.

पण तीन महिने भरत आले आणि मी रक्ताचं काढलं, तेव्हा बाबा म्हणाले, "आता नाय द्यायचं."

मला वाटलं सुईचा कंटाळा आला असेल. तसं नव्हतं. आमच्याकडे एक रीत आहे. जे एकदा विचारलं आणि देवाने सांगितलं, ते पुन्हा विचारत नाहीत. पुन्हा विचारणं म्हणजे देवावर अविश्वास. बाबांच्या मनात हिशेब सरळ होता. आजार गेला काय, हे विचारून झालंय. उत्तर मिळालंय. आता रक्त काढून लॅबला तेच विचारायचं म्हणजे देवाची परीक्षा घ्यायची. "देव उजवा देतो आणि मी परत खात्री करायला जातंय? उद्या त्याने तोंड फिरवलं तर?"

आईने त्यांना एकदा टोचून बघितलं. "डोळ्याला दिसेना तेव्हा देवाला चष्म्याचा नंबर विचारलात काय? गेलातच ना रत्नागिरीला." बाबा म्हणाले, "डोळ्याचं वेगळं. डोळ्याचं विचारलं नव्हतं." आई परत चुलीकडे वळली. त्यांच्या श्रद्धेवर हसायचं माझ्या मनातही नाही, त्या देवळात मीही परीक्षेच्या आधी जातेच. पण मॅडमचं ते अर्धं वाक्य डोक्यात वाजत होतं, सोडूनही देऊ नका. आकडा जर चढत असेल तर लवकर कळण्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. लवकर कळलं तर अजून उपाय आहेत असं त्यांनी सांगितलं होतं. तारीख जवळ येत होती आणि बाबा पूर्वीसारखे जाळं विणत, गुणगुणत बसायचे. इतकी वर्षं त्यांनी खुश असावं म्हणून मी देवाला सांगत होते, आणि आता त्यांचं खुश असणंच मला सहन होत नव्हतं.

शेवटी मी दत्ताकाकांना विचारलं की तोच प्रश्न पुन्हा विचारत नाहीत, पण दुसरा विचारला तर चालतो ना? काका म्हणाले, चालतो. म्हटलं, मग असं विचारूया की रक्त तपासायला जायचं का नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. "आणि डावा पडला तर गो?"

तो विचार मी केला होता. डावा पडला असता तर दार मीच बंद केलं असतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं. बाबा यायला तयार झाले, कारण देवाला विचारायला नाही म्हणणं त्यांना जमत नाही.

देवळात बाबा, काका, मी आणि गुरव. त्याने कळ्या लावल्या. मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, की महाराजा, हा तुझा लेकरू तुझ्या दारात आलाय, रक्त तपासायला जाऊ काय नको जाऊ, ते सांग, आणि काय चुकलं असेल तर पदरात घे. मी खांबाला धरून उभी होते. कळ्या हलल्या नाहीत.

कधी लगेच पडतात, कधी फार वेळ लावतात. ज्याचं गाऱ्हाणं आहे त्याने हात जोडून समोर उभं राहायचं असतं. बाबा उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. मग परत. मी ओळखलं. कोल्हापूरच्या वेटिंगमध्ये बसून बसून मला ते लांबूनही ओळखता येतं. त्यांनी ओठ दाबले, डोळे मिटले, कपाळावर घाम. आणि मग एकदम वळले आणि कुणाशी काही न बोलता देवळाच्या मागे निघून गेले.

गुरव गोंधळला. "असं मध्येच सोडून जायचं नसतं," असं तो दत्ताकाकांना म्हणत राहिला. बाबा परत आले ते आत शिरलेच नाहीत. पायरीजवळून म्हणाले, "दत्त्या, तू थांब रे. पडला की फोन कर." आणि चालायला लागले. मी चपला हातात घेऊनच त्यांच्या मागे.

कातळावरच्या वाटेला लागल्यावर मी चपला घातल्या. मग बाबाच बोलले. "ज्याला देवापुढे जरा वेळ उभं राहवत नाय, त्याचा आजार गेला असं देव कशाला सांगेल? दत्त्यानेच विचारताना काहीतरी चुकवलं असणार." ते चिडले नव्हते. थकलेले होते.

मला गप्प बसता आलं असतं. ते ज्या बाजूला चालले होते तीच बाजू मला हवी होती. पण त्यांचं म्हणणं बरोबर नव्हतं, आणि मला राहवेना. मी म्हटलं, "बाबा, घाईची लागणं हे आजाराचंच असेल असं नाय. रेडिएशनने मूत्राशयाला त्रास होतो, त्याचं पण असतं. मॅडमनी सांगितलेलं."

ते थांबले. मला वाटलं, झालं, आता परत नाही म्हणतील.

"म्हणजे आजार हाय काय नाय?"

"मला नाय माहीत."

"तू तो मोबाईलवर रोज हिशेब करतंस ना? तुझी आई सांगत होती. त्यात काय येतं?"

मी त्यांना आकडा सांगितला. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितला. त्यांनी विचारलं, की मग शंभरातल्या ह्या बाजूच्यांत मी की त्या बाजूच्यांत? मी म्हटलं, ते त्यात येत नाही. बाबा मोठ्याने हसले. "एवढं शिकून पण तुला नाय ठाऊक, दत्त्याला नाय ठाऊक, मला नाय ठाऊक. मग त्या बाईलाच विचारूया. उद्या रक्त देऊ."

संध्याकाळी दत्ताकाकांचा फोन आला, उजवा पडला. बाबा म्हणाले, "बरं झालं. आम्ही निघालोच होतो." कळी आपोआप पडली की गुरवाला घरी जायची घाई होती, ते मी कधी विचारलं नाही.

रक्त दिलं. रिपोर्ट कोल्हापूरलाच मॅडमसमोर उघडायचा असं बाबांनी सांगितलं, आधी मोबाईलवर नाही. ते दोन दिवस मी मोबाईल आईच्या उशीखाली ठेवून कॉलेजला गेले. तरी हात पिशवीत जायचाच. आंबा घाटातून एसटी चढताना बाबांना उलटी झाली, आणि मी तेवढ्यात परत त्याचा अर्थ लावला. असं हे मन. तुमचंही होईल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मॅडमनी लिफाफा उघडला. शून्य पॉइंट सात. एक पॉइंट एकवरून खाली.

मी श्वास सोडला तो बहुतेक मोठा झाला, कारण मॅडम हसल्या. पण लगेच म्हणाल्या, की हे बाउन्ससारखं दिसतंय, चांगलं आहे, तरी ह्या एका आकड्यावर मी तुम्हाला सुट्टी देणार नाही. बाबांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. त्या खोलीत ते आपणहून कधी काही विचारत नसत.

"मॅडम, एक विचारू काय? पाणी वर आलेलं दिसलं की ती लाट हाय की भरती, हे एका नजरेत कळत नाय. लाट मागे जाते. भरतीत पाणी परत परत येतं, आणि दर वेळी थोडं वर. तसंच ना हे?"

"तसंच," मॅडम म्हणाल्या. "म्हणून परत परत बघायचं."

मी हिशेबाचं विचारलंच. आवाज बारीक झाला होता. मॅडम म्हणाल्या, "तो आकडा चुकीचा नाही. पण तो तुझ्या बाबांसारख्या पुष्कळ माणसांचा मिळून आहे. आम्ही तो वापरतो ते उपचार किती जोरात द्यायचे ते ठरवायला. तो आमचा वापरून झालाय. आता हे मामा काय सांगतात ते मला त्यांच्या रक्तातून ऐकायचंय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पुढे काय होईल ते मला माहीत नाही. वाढलं तर काय करायचं, ते माहीत आहे."

एखाद्या डॉक्टरने माहीत नाही म्हटल्यावर धीर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण आला. वर्षभर मी ज्या उत्तराच्या मागे धावत होते ते कुणाकडेच नव्हतं, आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते सगळे तरीही आपापलं काम करत होते. मॅडम तपासत होत्या. आई डबा करत होती. बाबा जाळं विणत होते. मीच तेवढी बसून राहिले होते.

अस्वस्थपणा गेला असं म्हणणार नाही. रक्ताची तारीख जवळ आली की तो येतोच, आणि मला वाटतं पुढेही येत राहील. पण तारखांच्या मधले दिवस आता आमचे आहेत. हिशेबाचं ते पान मी उघडत नाही. तुमच्या घरी हे आलं तर मी तीनच गोष्टी सांगेन. आजाराबद्दल घरात मोठ्या आवाजात बोला, मुलींसमोरही. रेडिएशननंतर आकडा मध्येच चढला तर तो कुठल्या कारणाने चढला असेल हे डॉक्टरांना विचारा. आणि बरं वाटतंय म्हणून, देवाने सांगितलं म्हणून, किंवा भीती वाटते म्हणून, पुढचं रक्त चुकवू नका.

कोल्हापूरच्या त्या टेक्निशियनचे आभार, ज्यांनी बाबांना न रागावता परत परत पाणी प्यायला पाठवलं. मिरजेच्या पाटील आजोबांचे आभार. ते कसे आहेत ते मला माहीत नाही. त्यांचंही पीएसए कुठेतरी खाली जात असू दे.

त्या दिवशी उठताना बाबांनी मॅडमना विचारलं, पुढचं कधी. मॅडम म्हणाल्या, सहा महिन्यांनी, म्हणजे ऑगस्टमध्ये. बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. नाही, थोडं आधी देऊया, म्हणाले. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात जाते. त्याच्या आधी रक्त देऊन टाकू, म्हणजे मग वेळ नाही असं म्हणता येणार नाही.